वीजनिर्मितीचा खर्च आणि अकार्यक्षमतेचे मापन : भिलाईच्या संदर्भात एक प्रस्तावना

वीज, पाणी, वायू यांसारख्या ज्या सेवांवाचून शहरे आणि कारखाने चालू शकत नाहीत, ज्यांचे जाळे एकाच प्रदेशात दोनदा उभारणे परवडत नाही आणि म्हणून ज्यांच्या ग्राहकाला पुरवठादार बदलण्याची मुभा क्वचितच मिळते, त्यांना लोकोपयोगी सेवा उद्योग म्हणतात. या उद्योगांत उत्पादनखर्चाचा प्रश्न इतर धंद्यांपेक्षा वेगळ्या रीतीने उभा राहतो. सूतगिरणीने कापूस वाया घालवला तर शेजारच्या गिरणीचे स्वस्त सूत तिला बाजारातून हटवते आणि तो अपव्यय कोणी मोजला नाही तरी त्याची शिक्षा होतेच. वीजकंपनीने कोळसा वाया घालवला तर तो खर्च दरनिश्चितीच्या अर्जात येतो आणि नियामक आयोगाने मान्य केला की ग्राहकाच्या वीजबिलात उतरतो. जिथे बाजार शिक्षा करत नाही तिथे कोणीतरी मोजावे लागते, आणि मोजायचे म्हणजे केवळ किती खर्च झाला हे पाहून भागत नाही, तर त्याच परिस्थितीत, त्याच इंधनावर, तेवढेच उत्पादन कमीत कमी किती खर्चात करता आले असते हेही ठरवावे लागते. यांतला पहिला आकडा हिशेबाच्या वह्यांत असतो. दुसरा कोठेच लिहिलेला नसतो. या दोन आकड्यांमधल्या अंतराला अकार्यक्षमता म्हणतात, आणि ज्याचे एक टोक अदृश्य आहे असे अंतर मोजण्याच्या प्रयत्नातून अर्थशास्त्राची आणि सांख्यिकीची एक स्वतंत्र शाखा गेल्या सहा-सात दशकांत उभी राहिली आहे.

या विषयाचे विवेचन बहुधा अमेरिकन किंवा ब्रिटिश वीजकंपन्यांच्या उदाहरणांवर केले जाते. येथे त्यासाठी भिलाईची निवड केली आहे आणि तिला कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून तत्कालीन मध्य प्रदेशाच्या दुर्ग जिल्ह्यात पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालचा आणि पुढे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता, त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि हिर्रीचा डोलोमाइट यांच्या आधारावर वाढलेल्या या कारखान्याबरोबर विजेची व्यवस्थाही वाढत गेली, आणि आज एकाच गावाच्या परिसरात विजेचा खर्च ठरवण्याच्या तीन भिन्न पद्धती एकमेकींना खेटून नांदताना दिसतात.

पहिली पद्धत कारखान्याच्या कुंपणाच्या आतली. झोतभट्टीतून आणि कोकभट्टीतून निघणारा वायू जाळून वाफ तयार करायची, ती वाफ थोडी जनित्रावर आणि थोडी इतर कामांना वापरायची, आणि जी वीज होईल ती स्वतःच खर्चायची. या विजेचा दर कोणताही आयोग ठरवत नाही, तो कारखान्याच्या परिव्यय-लेखापालाने ठरवलेला अंतर्गत दर असतो. दुसरी पद्धत राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आणि भारतीय पोलाद प्राधिकरण यांच्या संयुक्त कंपनीची, जी एनएसपीसीएल या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिचे पुरैना येथील प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच २००९ मध्ये व्यापारी उत्पादनात आले. त्यांची वीज पोलाद कारखान्याबरोबरच छत्तीसगड राज्य, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली यांच्या वाट्याला आली, आणि ती अनेक प्रदेशांत जात असल्याने तिचा दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो. तिसरी पद्धत वसाहतीची: सेक्टर क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या भिलाईच्या निवासी भागाला वीज पुरवण्याचे काम कारखान्याचाच नगर विद्युत विभाग करतो, परंतु तेथील वितरणाचा दर छत्तीसगड राज्य वीज नियामक आयोगाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. या तिन्हींत खर्च या शब्दाचा अर्थ एक नाही. पहिल्या ठिकाणी तो वाटणीचा प्रश्न आहे, दुसऱ्या ठिकाणी निकषाचा आणि तिसऱ्या ठिकाणी तुलनेचा.

वाटणीच्या प्रश्नाने सुरुवात करणे योग्य, कारण पाठ्यपुस्तके त्याला सहसा बगल देतात. झोतभट्टीचा वायू हा लोखंड वितळवण्याच्या क्रियेत आपोआप निघतो. त्याचा उष्मांक प्रतिघनमीटर सुमारे सातशे ते आठशे किलोकॅलरी इतका कमी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असल्याने तो विषारी असतो, आणि वापरला नाही तर चिमणीच्या टोकाशी जाळून टाकावा लागतो. कोकभट्टीचा वायू त्याच्या पाचपट समृद्ध असतो आणि पुनर्तापन भट्ट्यांना हवाहवासा असतो. आता या वायूपासून केलेल्या विजेचा उत्पादनखर्च किती? वायू फुकट मानला तर ही वीज देशातील सर्वांत स्वस्त ठरते आणि वीजगृहाची सारी ढिलाई त्या स्वस्ताईखाली झाकली जाते. तेवढ्याच उष्णतेसाठी जो कोळसा घ्यावा लागला असता त्याची किंमत वायूला लावली तर वीज महाग होते आणि पोलाद कागदावर स्वस्त होते. कोकच्या एकूण खर्चाचा काही भाग वायूवर टाकला तर तो भाग किती असावा याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही आणि लेखाशास्त्रातही नाही, कारण एका क्रियेतून एकत्र निघणाऱ्या दोन वस्तूंचा संयुक्त खर्च त्यांच्यात वाटून देण्याची एकमेव बरोबर रीत अस्तित्वात नसते. अर्थशास्त्राने यावर दिलेला तोडगा असा की वाटणीचा नाद सोडावा आणि संधिव्यय विचारावा, म्हणजे हा वायू येथे न जाळता दुसरीकडे वापरला असता तर काय वाचले असते हे पाहावे. परंतु हे उत्तरही क्षणाक्षणाला बदलते: वायू जास्त आणि गरज कमी असेल तेव्हा त्याची किंमत शून्याजवळ असते, आणि एखादी कोकभट्टी दुरुस्तीसाठी बंद असेल तेव्हा तोच वायू सोन्याच्या मोलाचा होतो. वर्षाच्या सरासरी दराने हिशेब करणाऱ्या वहीत ही हालचाल दिसतच नाही, आणि वायू जाळून टाकला गेला त्या तासांची अकार्यक्षमता वीजगृहाच्या नावे लावायची, भट्टीच्या, की दोहोंचा मेळ बसवणाऱ्या नियोजनाच्या, हा वाद अनिर्णित राहतो.

हा गुंता बाजूला ठेवून केवळ कोळशावर चालणाऱ्या, फक्त वीजच विकणाऱ्या उद्योगाकडे वळले की सिद्धांत अधिक भक्कम जमिनीवर उभा राहतो. १९६३ मध्ये मार्क नेर्लोव्ह यांनी अमेरिकेतील १४५ वीजकंपन्यांच्या १९५५ सालच्या आकडेवारीवरून जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यातील कळीचा विचार साधा होता. सामान्य कारखानदार किती माल काढायचा हे स्वतः ठरवतो. वीजकंपनीला मात्र जेवढी मागणी असेल तेवढी पुरवावीच लागते, इंधनाचा भाव आणि मजुरीचे दर तिच्या हातात नसतात, आणि तिच्या हाती राहते ते फक्त इंधन, माणसे आणि यंत्रे यांचे प्रमाण. म्हणजे उत्पादन आणि निविष्टींचे भाव हे बाहेरून दिलेले, आणि खर्च हा त्यांचा परिणाम. तेव्हा उत्पादनाचे समीकरण मांडण्यापेक्षा खर्चाचे समीकरण मांडावे, ज्याला खर्चफलन म्हणतात, आणि त्यातूनच संयंत्र मोठे केल्याने प्रतियुनिट खर्च किती उतरतो हे काढावे. पुढे १९७६ मध्ये क्रिस्टेन्सन आणि ग्रीन यांनी अधिक लवचीक समीकरण वापरून १९७० सालची आकडेवारी तपासली, तेव्हा मोठेपणाचा हा लाभ बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत संपत आल्याचे त्यांना आढळले.

या पद्धतीचा भारतात उपयोग करताना एक अडचण येते, जिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. खर्चफलन मोजता येते ते निविष्टींच्या भावांत कंपनीगणिक फरक असेल तरच. भारतात कोळशाचा भाव दीर्घकाळ कोल इंडियाच्या एकाच दरपत्रकाने ठरत आला, सरकारी कंपन्यांतील वेतन करारांनी ठरते आणि यंत्रसामग्री बहुतांशी एकाच सार्वजनिक कारखानदाराकडून घेतलेली असते. भाव सर्वत्र सारखेच असतील तर भावांना कंपन्या कसा प्रतिसाद देतात हे आकडेवारी सांगू शकत नाही. उरतो तो वाहतुकीचा फरक: गेवरा खाणीच्या तोंडाशी असलेल्या कोरब्याच्या केंद्राला कोळसा ज्या किमतीत पडतो, तीत भिलाईला पडत नाही, आणि भुसावळ, नाशिक किंवा परळीला तर मुळीच नाही. भारतीय आकडेवारीतून खर्चफलन काढणारा अभ्यासक पुष्कळदा स्वतःला जाणीव नसतानाही मुख्यतः रेल्वेच्या अंतराचेच मापन करत असतो, आणि त्याने काढलेल्या निष्कर्षांवर तितकाच विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे.

भारतीय नियामकांनी या कारणामुळे म्हणा किंवा प्रशासकीय सवयीमुळे म्हणा, समीकरणांपेक्षा निकषांचा मार्ग धरला. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात झालेला खर्च आणि त्यावर ठरावीक परतावा एवढाच विचार होता. १९९० च्या सुमारास के. पी. राव समितीच्या शिफारशींनी केंद्रीय वीजकेंद्रांसाठी दर दोन भागांत विभागला गेला: संयंत्र उपलब्ध ठेवल्याबद्दल मिळणारा स्थिर आकार, ज्यात घसारा, व्याज, देखभाल आणि भागभांडवलावरील परतावा येतो, आणि प्रत्यक्ष दिलेल्या युनिटांसाठी मिळणारा ऊर्जा आकार, ज्यात इंधन येते. १९९८ च्या कायद्याने केंद्रीय आयोग आला, २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६१ ने दर ठरवताना कार्यक्षमता आणि साधनांचा काटकसरीने वापर यांना उत्तेजन देण्याचे तत्त्व घातले, आणि इंधनाचा किती खर्च मान्य करायचा हे आयोगाच्या निकषांवर सोपवले गेले.

या निकषांत सर्वांत वजनदार तो केंद्राचा उष्णता दर, म्हणजे एक युनिट वीज तयार करण्यासाठी किती किलोकॅलरी उष्णता लागते तो आकडा. सैद्धांतिक दृष्ट्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणून उष्णता दर २५०० असेल तर कोळशातील उष्णतेपैकी सुमारे ३४ टक्केच विजेत उतरली आणि बाकीची चिमणी आणि शीतक मनोऱ्यांतून गेली असा त्याचा अर्थ. २००९ च्या केंद्रीय विनियमांत जुन्या २००, २१० आणि २५० मेगावॉट संचांसाठी २५०० आणि ५०० मेगावॉटच्या संचांसाठी २४२५ असे निकष होते. २०१४ मध्ये ते अनुक्रमे २४५० आणि २३७५ झाले. पन्नास किलोकॅलरींचा फरक किरकोळ वाटतो. परंतु ५०० मेगावॉट क्षमता ८५ टक्के भारांकाने वर्षभर चालली तर सुमारे ३७२ कोटी युनिटे निघतात, आणि प्रतिकिलो ३५०० किलोकॅलरीचा कोळसा धरला तर तेवढ्याशा फरकाने वर्षाला त्रेपन्न हजार टन कोळसा जास्त किंवा कमी जळतो. दुसरा निकष अंतर्गत वीजवापराचा: पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या चक्क्या स्वतः जी वीज खातात तिला २०० मेगावॉटच्या वर्गात साडेआठ टक्क्यांपर्यंत मान्यता होती. तिसरा बॉयलर पेटवण्यासाठी लागणाऱ्या तेलाचा.

निकषांची बाजू समजून घेतली पाहिजे. केंद्राने निकषापेक्षा कमी कोळशात वीज काढली तर बचत त्याच्याकडे राहते, जास्त जाळला तर तोटा त्याचा. म्हणून झालेल्या खर्चाची सरसकट भरपाई करण्यापेक्षा ही पद्धत निश्चित सरस आहे. तिचा दोष दुसरीकडे आहे. निकष आकाशातून पडत नाहीत, ते त्याच केंद्रांच्या मागील काही वर्षांच्या कामगिरीवरून काढले जातात. सगळीच केंद्रे थोडी सुस्त असतील तर सुस्तीच निकष बनते, आणि एखाद्याने फार चांगली कामगिरी दाखवली तर पुढच्या पाच वर्षांच्या विनियमांत निकष कडक होऊन तीच कामगिरी त्याच्या अंगाशी येते. अशा व्यवस्थेत निकषाच्या किंचित पुढे राहावे, फार पुढे जाऊ नये, हे व्यवस्थापकाला कोणी शिकवावे लागत नाही. २०१४ च्या विनियमांनी बचतीचा काही हिस्सा वीज घेणाऱ्यांना देण्याची तरतूद केली. ती ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य असली तरी पुढे जाण्याची ओढ तिने आणखी कमी केली, असे म्हणण्यास जागा आहे. खरी कामगिरी आणि मान्य निकष यांत अंतर आहे की नाही हे आयोगाला कळते ते कंपनीने दिलेल्या आकड्यांवरूनच.

त्या आकड्यांचा पाया कोळशाच्या उष्मांकात आहे आणि तेथेच जमीन सर्वांत भुसभुशीत आहे. १ जानेवारी २०१२ पासून भारतात कोळशाची प्रतवारी स्थूल उष्मांकावर होऊ लागली. खाणीवर बिल बनते त्या प्रतीचा उष्मांक, वॅगनीतून केंद्रात उतरलेल्या कोळशाचा उष्मांक आणि बॉयलरच्या तोंडाशी पोचलेल्या कोळशाचा उष्मांक हे तीन आकडे एक नसतात: मधे पाऊस पडतो, दगड मिसळलेला असतो, साठ्यात कोळसा आपोआप तापून सत्त्व गमावतो, आणि नमुना वॅगनीच्या वरच्या थरातून घेतला की खालून यावरही फरक पडतो. समजा कोळसा प्रत्यक्षात ३५०० किलोकॅलरीचा आहे आणि तो ३३०० चा दाखवला गेला. केंद्राने २५०० च्या निकषावर जेवढा कोळसा मागायचा, त्यापेक्षा सहा टक्के जास्त कोळशाची किंमत तो आता नियमाने वसूल करू शकतो, म्हणजे खरा उष्णता दर २६५० पर्यंत बिघडला तरी कागदोपत्री तो निकषातच बसतो. २०१४ च्या विनियमांनी बॉयलरच्या तोंडाशी मोजण्याऐवजी केंद्रात उतरताना मोजलेला उष्मांक धरण्याचे ठरवले तेव्हा त्याविरुद्ध राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, यावरून या मोजमापाच्या जागेत किती पैसा दडलेला आहे याची कल्पना यावी. अकार्यक्षमतेची चर्चा करणाऱ्या कितीतरी निबंधांत कोळसा टनांत मोजलेला असतो आणि उष्मांकाचा उल्लेखही नसतो. अशा निबंधांत निकृष्ट कोळसा मिळालेले केंद्र आळशी ठरते आणि चांगला कोळसा मिळालेले कर्तबगार.

दुर्दैव आणि दिरंगाई यांची फारकत करण्याचा हा प्रश्न सांख्यिकीने कसा हाताळला ते पाहणे बोधक आहे. १९५७ मध्ये एम. जे. फॅरेल यांनी अकार्यक्षमतेचे दोन भाग केले: दिलेल्या निविष्टींतून जेवढे निघू शकते तेवढे न काढणे ही तांत्रिक अकार्यक्षमता, आणि निविष्टींचे भाव पाहता चुकीच्या प्रमाणात त्या वापरणे ही वाटपाची अकार्यक्षमता. त्यांची सूचना अशी की सिद्धांताने काढलेला आदर्श धरण्याऐवजी प्रत्यक्षात सर्वोत्तम काम करणाऱ्यांना जोडून एक सीमारेषा आखावी आणि इतर त्या रेषेपासून किती दूर आहेत ते मोजावे. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ही रेषा रेखीय प्रायोजनाने काढण्याची पद्धत दिली. तिला कोणत्याही समीकरणाचे रूप गृहीत धरावे लागत नाही हे तिचे बळ. पण रेषेपासूनचे सगळे अंतर ती अकार्यक्षमताच मानते, त्यात नशिबाला जागा नाही, आणि एखाद्या केंद्राचा एक चुकीचा आकडा सगळ्यांची सीमारेषा हलवू शकतो. याच्या एकच वर्ष आधी, १९७७ मध्ये, एग्नर, लव्हेल आणि श्मिट यांनी आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे म्यूसेन आणि व्हान डेन ब्रूक यांनी वेगळी वाट काढली होती. त्यांनी खर्चातील अनपेक्षित फरकाचे दोन घटक मानले. एक यादृच्छिक, जो पाऊस, बिघाड, मोजणीतील चूक यांमुळे खर्च कधी वाढवतो कधी घटवतो. दुसरा अकार्यक्षमतेचा, जो खर्च फक्त वाढवूच शकतो. या एकतर्फीपणामुळे अवशिष्ट फरकांचे वितरण एका बाजूला कलते, आणि तो कल किती आहे यावरून दोन्ही घटकांचे प्रमाण काढता येते. १९८२ मध्ये जॉन्ड्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका घटकसंस्थेची अकार्यक्षमता वेगळी काढण्याचे सूत्र दिले.

या पद्धतीच्या विकासात महाराष्ट्राचाही एक दूरचा संबंध आहे. अकार्यक्षमता कोणत्या कारणांनी घडते हे त्याच समीकरणात समाविष्ट करण्याचा जो प्रकार आज वीजउद्योगाच्या अभ्यासांत सर्रास वापरला जातो, तो बॅटीस आणि कोएली यांनी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने खेड्यांतून जमवलेल्या शेतीच्या नोंदींवर पारखून घेतला, आणि १९९६ मधील त्यांच्या निबंधात ऑरेपल्लीबरोबर अकोला जिल्ह्यातील कानझरा आणि सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर ही गावे होती. कोरडवाहू शेतकऱ्याच्या उत्पन्नात पावसाचा वाटा किती आणि कसण्याच्या रीतीचा किती हे वेगळे करण्यासाठी जी हत्यारे परजली गेली, तीच नंतर बॉयलर आणि जनित्रांना लावली गेली. त्यात गैर काही नाही. फक्त शेतकऱ्याला हिशेब फुगवून दाखवण्याचे कारण नव्हते आणि दरवाढ मागणाऱ्या कंपनीला ते असते, हा भेद विसरता येत नाही.

या सर्व पद्धतींच्या मुळाशी असलेली गोष्ट येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. अकार्यक्षमता ही कधीच थेट मोजली जात नाही. परिस्थितीचे म्हणून जे जे मान्य केले ते वजा केल्यावर जे उरते त्याला ते नाव दिले जाते. म्हणून परिस्थितीच्या यादीत काय घातले यावर तिचा आकार ठरतो. परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्या वर्षीचा त्याचा प्रतियुनिट स्थिर खर्च भयंकर दिसतो आणि पाण्याचा स्तंभ नसलेल्या तक्त्यात ती व्यवस्थापनाची नालायकी ठरते. उलट, संशोधकाने पाणी, कोळशाची प्रत, संचाचे वय, यंत्राचा कारखानदार, राज्य सरकारची थकबाकी असे एकेक कारण परिस्थितीत घालत नेले, तर शेवटी कोणीच अकार्यक्षम उरत नाही. या दोन टोकांमध्ये कोठे थांबायचे हे सांख्यिकी सांगत नाही. कोणत्या गोष्टीवर व्यवस्थापकाचे नियंत्रण होते हा जबाबदारीचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न समीकरण मांडण्याच्या आधी उघडपणे सोडवलेला नसेल तर समीकरण तो गुपचूप सोडवते. संचाचे वय परिस्थितीत धरायचे की नाही? आज केंद्र चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते धरले पाहिजे. पण ज्या कंपनीने जुना संच वेळेवर निवृत्त केला नाही तिच्या संचालक मंडळाच्या दृष्टीने ते धरता कामा नये.

वितरणात हीच अडचण अधिक ठसठशीतपणे पुढे येते. भिलाईची वसाहत आखीव, दाट आणि पगारदार ग्राहकांची. छत्तीसगडच्या राज्य वितरण कंपनीकडे मात्र रायपूरपासून बस्तरच्या जंगलातील पाड्यांपर्यंतचा पसारा. प्रतियुनिट वितरणखर्च किंवा गळतीचे प्रमाण यांची थेट तुलना केली तर वसाहतीचा विभाग नेहमीच जिंकेल, आणि त्या विजयाला काहीही अर्थ नसेल. वसाहतीची तुलना वसाहतीशीच व्हावी, म्हणजे राउरकेला किंवा बोकारो येथील तशाच व्यवस्थांशी. आंद्रेइ श्लाइफर यांनी १९८५ मध्ये मांडलेली मापदंड-स्पर्धेची कल्पना हीच: प्रत्यक्ष स्पर्धा शक्य नसलेल्या मक्तेदारांचा दर त्यांच्या स्वतःच्या खर्चावरून न ठरवता त्यांच्यासारख्या इतरांच्या सरासरी खर्चावरून ठरवावा, म्हणजे स्वतःचा खर्च फुगवून काही मिळणार नाही. ब्रिटनमध्ये पाणीपुरवठा कंपन्यांच्या नियामकाने हे तंत्र वर्षानुवर्षे वापरले. भारतात प्रत्येक राज्याचा आयोग आपापल्या कंपन्यांपुरते पाहतो, खर्चाच्या शीर्षकांची वर्गवारी राज्यागणिक बदलते, आणि तुलनेसाठी लागणारा समान तक्ताच तयार होत नाही. महाराष्ट्रात २००० सालच्या दरनिश्चितीच्या सुनावण्यांत मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर फुगवून दाखवला गेल्याने खरी गळती झाकली जात होती हे उघड झाले, आणि त्यासाठी पुण्याच्या प्रयास गटासारख्या बाहेरच्या अभ्यासकांना आकड्यांची उलटतपासणी करावी लागली. मीटर नसेल तेथे सीमारेषा आखण्याचे कोणतेही तंत्र उपयोगी पडत नाही.

खर्चात जे दिसते ते सर्व उधळण नसते, याचीही नोंद घ्यावी लागते. १९६२ मध्ये अॅव्हर्च आणि जॉन्सन यांनी दाखवले की भांडवलावर ठरावीक परतावा देणारी नियमनव्यवस्था कंपनीला गरजेपेक्षा जास्त भांडवल गुंतवण्यास उद्युक्त करते, आणि तेव्हापासून राखीव यंत्रसामग्रीकडे संशयाने पाहण्याची रीत पडली. परंतु १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पंपघरातील बिघाडाने पाण्याचा दाब घटला, पाण्याने अडवून धरलेला झोतभट्टीचा वायू उलट दिशेने बाहेर पडला आणि सहा जणांचा जीव गेला. जोडीचा पंप, दुसरी जलवाहिनी, वीज गेल्यास लगेच सुरू होणारे जनित्र या गोष्टी वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस निरुपयोगी असतात आणि किमान खर्चाच्या कोणत्याही समीकरणात त्या अपव्यय म्हणूनच गणल्या जातात. समीकरणात उत्पादन म्हणजे युनिटे एवढेच धरले असेल तर पुरवठ्याची खात्री आणि माणसांची सुरक्षितता या गोष्टी त्याच्या नजरेला पडत नाहीत. त्या उत्पादनाचा भाग म्हणून घातल्या तर त्यांची किंमत काय धरायची हा प्रश्न उभा राहतो. तरीही दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे.

अलीकडच्या काळात या विषयाला आणखी एक वळण लागले आहे. दुपारी सौरऊर्जेची वीज जाळ्यात येते तेव्हा औष्णिक संचांना भार कमी करावा लागतो. २०१६ मध्ये जाळ्याच्या संहितेत झालेल्या दुरुस्तीने केंद्रीय औष्णिक संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत उतरण्याचे बंधन आले. अर्ध्या भारावर बॉयलर आणि टर्बाइन दोन्ही बिघडलेल्या उष्णता दराने चालतात, अंतर्गत वीजवापराचे प्रमाण वाढते आणि तेलाची गरज लागते. हा बिघाड चालकाच्या हातचा नाही म्हणून त्याची भरपाई देण्याचीही तरतूद झाली. म्हणजे वर्षाच्या सरासरीवर बेतलेला निकष आता पूर्वीइतकाही बोलका राहिलेला नाही. पोलाद कारखान्याला अखंड वीज देणाऱ्या संचाचा भार आणि केवळ वितरण कंपन्यांच्या मागणीनुसार चढउतार करणाऱ्या संचाचा भार यांत मोठा फरक असतो, आणि दोघांचे वार्षिक उष्णता दर शेजारी मांडून काढलेला निष्कर्ष भाराविषयी बोलेल, कौशल्याविषयी नाही. यावर उपाय उपलब्ध आहे. पश्चिम विभागातील प्रत्येक मोठ्या संचाचे उत्पादन मुंबईच्या विभागीय भारप्रेषण केंद्रात दर पंधरा मिनिटांच्या हिशेबाने नोंदले जाते. त्या नोंदींना त्याच काळातील कोळशाच्या वापराची आणि उष्मांकाची जोड मिळाली तर प्रत्येक भारपातळीसाठी वेगळी सीमारेषा आखता येईल आणि संचाची तुलना त्याच भारावर चालणाऱ्या दुसऱ्या संचाशी करता येईल. विजेच्या नोंदी दर पंधरा मिनिटांच्या आहेत. कोळशाचा हिशेब मात्र दरनिश्चितीच्या कागदांत अजून महिन्याच्या सरासरीनेच येतो.